जुने सॉफ्टवेअर इतरांना देताना: फ्लॉपीच्या इमेजपासून घरच्या सर्व्हरपर्यंतचा क्रम

जुने संगणक सांभाळणाऱ्या नागपूरकरांमध्ये फ्लॉपी आणि सीडीवरच्या सॉफ्टवेअरची देवाणघेवाण सतत चालू असते, आणि त्यातले बरेच काही समोरच्याच्या हाती पडते तेव्हा बिघडलेले असते. कधी इन्स्टॉलर दुसरी डिस्क मागतो आणि ती घातल्यावरही पुढे सरकत नाही. कधी झिप उघडताना सीआरसीची, म्हणजे फाइल बिघडल्याचे सांगणारी, चूक येते, तर कधी प्रोग्रॅम चालतो, पण त्याच्यासोबत तीस वर्षांपूर्वीचा व्हायरसही येतो. साधने कमी पडली म्हणून असे क्वचितच होते; बहुतेक वेळा क्रम चुकलेला असतो. फ्लॉपी हाती आली की आपण ती आधी उघडतो, मग चालवून बघतो, मग तिच्यातल्या फाइली ओढून फोल्डरमध्ये टाकतो आणि जे हाती लागले त्याला मूळ प्रत म्हणतो. प्रत्यक्षात मूळ प्रत सगळ्यांत आधी घ्यावी लागते, आणि ती घेईपर्यंत फ्लॉपीतली एकही फाइल उघडायची नसते. पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत. ते मागेपुढे केल्यास काय बिघडते, हे त्या त्या ठिकाणी सांगितले आहे.

## टप्पा १: जागा, ड्राइव्ह आणि यादी

नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो आणि घरोघरी कूलर चालू असतात. कूलरची हवा गार असली तरी दमट असते, त्यामुळे ज्या खोलीत कूलर चालतो तिथे फ्लॉपीचे खोके उघडे ठेवू नयेत आणि इमेज (अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत) घेण्याचे काम तर तिथे करूच नये. माळ्यावरून काढलेल्या फ्लॉपी एक दिवस बंद खोक्यातच खोलीच्या तापमानाला येऊ द्याव्यात आणि मग बाहेर काढाव्यात.

प्रत्येक फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालण्याआधी टॉर्चच्या उजेडात पाहावी. ३.५ इंची फ्लॉपीचे धातूचे झाकण सरकवून मधली चकती हलकेच फिरवावी, ५.२५ इंची फ्लॉपीत लांबट खिडकीतूनच पृष्ठभाग दिसतो. पांढुरके किंवा राखाडी ठिपके दिसले तर ती बुरशी समजावी. अशी फ्लॉपी वाचताना स्वतः तर खराब होतेच, शिवाय ड्राइव्हच्या हेडवर घाण सोडते आणि तिच्यानंतर घातलेल्या चांगल्या फ्लॉपीवर ओरखडे पडतात. म्हणून बुरशी लागलेल्या फ्लॉपी वेगळ्या काढून शेवटी हाताळाव्यात, आणि तशी प्रत्येक फ्लॉपी वाचून झाल्यावर हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यावे. सॅनिटायझर चालत नाही, कारण त्यात पाणी आणि इतर पदार्थ मिसळलेले असतात.

ड्राइव्ह कोणता वापरायचा हे फ्लॉपीवर ठरते. बाजारात सहज मिळणारा यूएसबी फ्लॉपी ड्राइव्ह ३.५ इंची ७२० केबी आणि १.४४ एमबी एवढ्याच रचना नीट वाचतो. ५.२५ इंची फ्लॉपी, ॲमिगाच्या डिस्का, जुन्या मॅकिंटॉशच्या ४०० आणि ८०० केबीच्या डिस्का किंवा कॉपी-प्रोटेक्शन असलेले खेळ यांच्यासाठी ग्रीसव्हीझलसारखा फ्लक्स (चकतीवरचे कच्चे चुंबकीय बदल) वाचणारा बोर्ड आणि त्याला जोडलेला जुना अंतर्गत ड्राइव्ह लागतो. ५.२५ इंची ड्राइव्हला १२ व्होल्टही लागतात आणि ते यूएसबीतून मिळत नाहीत. जुन्या संगणकाचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) त्यासाठी वेगळा जोडावा. आपल्याकडे कोणता ड्राइव्ह आहे हे न पाहता महत्त्वाच्या फ्लॉपीपासून सुरुवात करू नये. आधी टाकाऊ फ्लॉपी वाचून पाहावी, घासल्याचा आवाज आला तर तिथेच थांबावे.

यादीसाठी प्रत्येक फ्लॉपीच्या दोन्ही बाजूंचा फोटो घ्यावा आणि तिला क्रमांक द्यावा. क्रमांक लेबलवर लिहायचाच असेल तर फेल्ट पेनने, जोर न देता लिहावा. ५.२५ इंची फ्लॉपीवर बॉलपेन दाबून लिहिले की खालची चकती दबते, आणि पुढे तिथलाच ट्रॅक वाचला जात नाही.

## टप्पा २: लिहिण्याचा मार्ग बंद करणे

राइट-प्रोटेक्टची रीत दोन्ही आकारांत एकमेकींच्या उलट आहे, आणि गोंधळ तिथेच होतो. ३.५ इंची फ्लॉपीत कोपऱ्यातले भोक उघडे असले की फ्लॉपी सुरक्षित असते. ५.२५ इंची फ्लॉपीत कडेची खाच झाकलेली असली की ती सुरक्षित असते. खाच झाकायला पारदर्शक सेलोटेप वापरू नये. अनेक ड्राइव्ह प्रकाशाने खाच तपासतात, त्यांना पारदर्शक टेपमधून खाच उघडीच दिसते. काळी किंवा चंदेरी अपारदर्शक पट्टी लावावी. कारखान्यातून आलेल्या काही फ्लॉपींना खाचच नसते. त्यांना काही करावे लागत नाही.

"मी फक्त बघितली, काही लिहिले नाही" हे उत्तर इथे पुरत नाही. विंडोज ९५ आणि ९८ या प्रणाली राइट-प्रोटेक्ट नसलेली फ्लॉपी नुसती वाचतानाही तिच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या पहिल्या ५१२ बाइटांच्या तुकड्यात, स्वतःची खूण लिहितात. वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

तपासणी: इमेज घेतल्यावर ती हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) उघडावी आणि चौथ्या ते अकराव्या बाइटपर्यंतची आठ अक्षरे पाहावीत. तिथे साधारणपणे फॉरमॅट करणाऱ्या प्रणालीचे नाव असते, उदाहरणार्थ "एमएसडॉस५.०". त्याऐवजी निरर्थक अक्षरे असतील आणि शेवटची तीन अक्षरे "आयएचसी" असतील, तर ती फ्लॉपी कधीतरी विंडोज ९५ किंवा ९८ मध्ये राइट-प्रोटेक्टविना घातली गेली होती. इमेज त्यामुळे टाकाऊ होत नाही. पण बूट सेक्टर मूळचा राहिलेला नाही हे नोंदवहीत लिहावे.

## टप्पा ३: इमेज घेणे

फाइली ओढून घेणे आणि इमेज घेणे यांत मोठा फरक आहे. ओढून घेताना बूट सेक्टर सुटतो, डिस्कचे व्हॉल्यूम लेबल सुटते आणि लपवलेल्या फाइली अनेकदा राहून जातात. दुसऱ्या डिस्कपाशी अडकणाऱ्या इन्स्टॉलरची तक्रार बहुतेक वेळा इथलीच असते, कारण काही इन्स्टॉलर योग्य डिस्क घातली आहे की नाही हे तिच्या लेबलवरून ओळखतात. म्हणून पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत अख्खी डिस्क एका फाइलमध्ये उतरवावी.

लिनक्सवर यासाठी जीएनयू डीडीरेस्क्यू हे सर्वांत भरवशाचे साधन आहे, आणि साधी डीडी आज्ञा वापरण्याची सवय मोडावी असे माझे मत आहे. डीडी पहिल्याच खराब सेक्टरपाशी थांबते. डीडीरेस्क्यू आधी चांगला भाग वाचून घेते, खराब जागांची नोंद एका मॅप फाइलमध्ये ठेवते आणि मग त्यांच्याकडे परत वळते. खरा फायदा पुढे आहे. त्याच मॅप फाइलसह तीच फ्लॉपी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घातली तर फक्त राहिलेले सेक्टर वाचले जातात. प्रत्येक ड्राइव्हच्या हेडची बसणी किंचित वेगळी असते, त्यामुळे एका ड्राइव्हला न दिसलेला सेक्टर दुसऱ्याला दिसतो. महाल भागातल्या मित्राचा ड्राइव्ह अशा वेळी मागून आणावा. एकाच ड्राइव्हवर पन्नास प्रयत्न करून फ्लॉपी झिजवण्यापेक्षा ते बरे. मॅप फाइल मात्र इमेजच्या शेजारीच ठेवावी, ती हरवली की हे सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

इमेज घेऊन झाल्यावर सर्वांत आधी तिचा आकार पाहावा. पीसीच्या नेहमीच्या फ्लॉपींसाठी तो पुढीलपैकी एकाशी तंतोतंत जुळायला हवा:

- ५.२५ इंची, ३६० केबी: ३,६८,६४० बाइट
- ५.२५ इंची, १.२ एमबी: १२,२८,८०० बाइट
- ३.५ इंची, ७२० केबी: ७,३७,२८० बाइट
- ३.५ इंची, १.४४ एमबी: १४,७४,५६० बाइट
- मायक्रोसॉफ्टची डीएमएफ रचना: १७,२०,३२० बाइट

शेवटच्या रचनेबद्दल थोडे सांगायला हवे. विंडोज ९५ आणि त्या काळच्या ऑफिसच्या फ्लॉपी एका ट्रॅकवर १८ ऐवजी २१ सेक्टर लिहून दिलेल्या होत्या. बहुतेक यूएसबी ड्राइव्हना ही रचना वाचता येत नाही, आणि मग चांगली फ्लॉपी "खराब" म्हणून कचऱ्यात जाते. संचातली पहिली डिस्क वाचली जाते आणि पुढच्या सगळ्या ओळीने नापास होतात, असे दिसले तर फ्लॉपीवर नव्हे, ड्राइव्हवर संशय घ्यावा.

तपासणी: प्रत्येक फ्लॉपी दोनदा वाचून दोन्ही इमेजांचे हॅश (फाइलच्या मजकुरावरून काढलेला, एक बाइट बदलला तरी बदलणारा आकडा) जुळतात का ते पाहावे. हा नियम सेक्टर इमेजपुरताच आहे. ग्रीसव्हीझलने घेतलेल्या कच्च्या फ्लक्स फाइली दोनदा वाचल्या तर कधीच सारख्या येत नाहीत, कारण त्यांत चुंबकीय बदलांमधला सूक्ष्म वेळ नोंदलेला असतो आणि तो प्रत्येक फेरीत थोडा वेगळा येतो. फ्लक्स फाइलींपासून आधी सेक्टर इमेज तयार करावी आणि तुलना तिची करावी.

सीडीसाठी दोनच गोष्टी लक्षात ठेवाव्यात. फक्त डेटा असलेल्या सीडीची आयएसओ फाइल पुरते, पण गाण्यांचे ट्रॅकही असलेल्या खेळांच्या सीडीसाठी बिन आणि क्यू अशी जोडी घ्यावी लागते, नाहीतर खेळ मुका होतो. घरी लिहिलेल्या सीडी-आर आधी हाती घ्याव्यात. त्यांचा रंगद्रव्याचा थर कारखान्यात छापलेल्या सीडीच्या मानाने लवकर जातो.

## टप्पा ४: हॅश आणि नोंद

इमेज पक्की झाली की लगेच, त्याच बैठकीत, तिचा एसएचए-२५६ हॅश काढावा आणि फाइलला "फक्त वाचा" हा गुणधर्म लावावा. हे उद्यावर टाकले की मधल्या वेळेत कोणीतरी ती इमेज इम्युलेटरमध्ये (जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) चालवून पाहतो. डॉसबॉक्स किंवा ८६बॉक्समध्ये जोडलेली इमेज ही लिहिता येणारी फ्लॉपीच असते. खेळाने उच्चांक साठवला की इमेज बदलली. चालवून पाहण्यासाठी नेहमी वेगळी प्रत वापरावी.

नोंदीत फ्लॉपीचा क्रमांक, लेबलवरचा मजकूर जसाच्या तसा, आवृत्ती, आकार, हॅश, न वाचलेल्या सेक्टरांची संख्या आणि फ्लॉपी कोणत्या स्थितीत मिळाली हे असावे. न वाचलेले सेक्टर असतील तर ते लपवू नयेत. दुसऱ्या कोणाकडे तीच डिस्क असली तर दोन अर्धवट इमेजांतून एक पूर्ण इमेज जोडता येते, पण कोणते सेक्टर कच्चे आहेत हे माहीत असेल तरच.

मराठी डीटीपीच्या (संगणकावर छपाईची पाने जुळवण्याच्या) डिस्कांसाठी आणखी एक नोंद लागते. इतवारी किंवा बर्डीच्या छापखान्यांतून निघालेल्या फ्लॉपींवरचा मजकूर युनिकोडमध्ये नसतो; त्या त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या फॉन्टच्या सांकेतिक रचनेत असतो. फॉन्ट नसेल तर तो मजकूर म्हणजे इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा ढीग दिसतो. फॉन्टचे नेमके नाव, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि प्रिंटर पोर्टवर लावायचे हार्डवेअर लॉक होते का, हे लिहून ठेवावे. लॉक असलेल्या सॉफ्टवेअरची इमेज लॉकविना चालत नाही, आणि हे आधी सांगितले नाही तर घेणारा इमेजमध्ये चूक शोधत बसतो.

## टप्पा ५: काय देता येते, काय नाही

हा टप्पा लोक गाळतात, आणि तो पॅकिंगच्या आधीच का यावा याला कारण आहे: एकदा पाठवलेली फाइल परत घेता येत नाही.

भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार संगणक प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो, आणि साहित्यकृतीवरचा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे टिकतो. म्हणजे घरगुती संगणकांच्या काळातले कोणतेही सॉफ्टवेअर नुसते जुने झाले म्हणून हक्कमुक्त झालेले नाही. कंपनी बंद पडली, विक्री थांबली, कोणी तक्रार करत नाही, यांपैकी कशानेही हक्क संपत नाही. त्याच कायद्याच्या कलम ५२ मध्ये प्रोग्रॅम कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला नुकसानीपासून बचावासाठी स्वतःपुरती प्रत ठेवण्याची मुभा आहे. टप्पा ३ आणि ४ मधले स्वतःच्या फ्लॉपींचे काम त्या मुभेत बसते. ती प्रत दुसऱ्याला देणे बसत नाही.

व्यवहारात तीन ढीग करावेत. पहिल्यात मुक्त परवान्याचे सॉफ्टवेअर: फ्रीडॉस, लिनक्सच्या जुन्या आवृत्त्या, किंवा मायक्रोसॉफ्टने २०२४ साली एमआयटी परवान्याखाली खुला केलेला एमएस-डॉस ४.०० चा सोर्स कोड. हे परवान्याच्या मजकुरासह निश्चिंतपणे द्यावे. दुसऱ्यात शेअरवेअर (आधी वापरून मग पैसे द्यायचे) आणि फ्रीवेअर (मोफत). यांच्यासोबत येणारी वाचा-मला किंवा विक्रेत्यांसाठीची फाइल उघडून अटी वाचाव्यात. बहुतेकांत "सर्व फाइली जशाच्या तशा ठेवून" आणि "माध्यमाच्या खर्चापलीकडे पैसे न घेता" अशा अटी असतात. म्हणून त्या झिपमध्ये स्वतःची माहितीची फाइल घुसवू नये. आपली टीप झिपच्या बाहेर, शेजारी ठेवावी. संगणक मासिकांसोबत आलेल्या सीडींबाबतही हाच न्याय: मासिकाला मिळालेली परवानगी आपल्याला आपोआप मिळत नाही. तिसऱ्या ढिगात विकत घ्यायचे सॉफ्टवेअर आणि फॉन्ट. त्यांची इमेज देऊ नये. हॅश, लेबलचा फोटो आणि आकार द्यावा. तेवढ्याने दुसऱ्याला स्वतःची फ्लॉपी नीट वाचली गेली का हे पडताळता येते, आणि बहुतेक वेळा त्याला तेवढेच हवे असते. अनुक्रमांक आणि नोंदणीचे आकडे कोणत्याही ढिगातले देऊ नयेत.

सावधान: इमेजमध्ये पुसलेल्या फाइलीही येतात. डॉस फाइल पुसताना फक्त तिच्या नावाचे पहिले अक्षर बदलते आणि ती जागा मोकळी म्हणून नोंदवते. मजकूर तिथेच राहतो. दुकानाचा हिशेब, पेशंटची यादी, कोणाचे खासगी पत्र पुसून त्याच फ्लॉपीवर शेअरवेअर भरलेले असेल, तर इमेज देताना ते सगळे जाते. वापरलेल्या फ्लॉपीवर पुसलेले काही सापडले तर देण्याच्या प्रतीत मोकळी जागा शून्यांनी भरावी, तसे केल्याचे नोंदीत लिहावे आणि मूळ इमेज आपल्यापाशीच ठेवावी.

## टप्पा ६: व्हायरस

आजचा अँटिव्हायरस इमेज फाइलमधल्या बूट सेक्टरकडे लक्ष देईलच असे नाही. तीन पायऱ्यांनी तपासावे. इमेजमधल्या फाइली बाहेर काढून क्लॅमएव्ही या अँटिव्हायरसने तपासाव्यात, पहिले ५१२ बाइट वेगळ्या फाइलमध्ये काढून तेही तपासावेत, आणि इम्युलेटरमध्ये प्रतीवर डॉसचा एफ-प्रॉटसारखा जुना स्कॅनर चालवावा. जुन्या व्हायरसांच्या बाबतीत जुना स्कॅनर आजही चांगली साथ देतो.

भारतातल्या फ्लॉपींवर जोशी व्हायरस आढळण्याची शक्यता खरोखरच आहे. १९९० मध्ये भारतात सापडलेला हा बूट सेक्टरचा व्हायरस ५ जानेवारीला संगणक अडवून ठेवतो आणि जोशींना वाढदिवसाच्या शुभेच्छा टाइप केल्याशिवाय सोडत नाही. तो तरी गमतीचा म्हणता येईल. २६ एप्रिलला जागा होणारा सीआयएच मात्र विंडोज ९५ आणि ९८ च्या काळातल्या मदरबोर्डची बायॉस चिप पुसू शकतो, आणि तसा मदरबोर्ड आज सहज मिळत नाही. जुन्या यंत्राची तारीख उगाच मागेपुढे करताना हे ध्यानात असू द्यावे.

व्हायरस सापडला तर मूळ इमेज साफ करू नये. ती वेगळ्या फोल्डरमध्ये "बाधित" असे नाव देऊन ठेवावी, साफ केलेली प्रत वेगळ्या नावाने करावी आणि देताना फक्त साफ प्रत द्यावी.

## टप्पा ७: पॅकिंग

फाइलींची नावे आठ अक्षरे आणि तीन अक्षरांचा शेपटा या मर्यादेत ठेवावीत, झिप जुन्या पद्धतीच्या साध्या दाबणीने करावी आणि पासवर्ड लावू नये. नव्या प्रोग्रॅमने केलेली झिप डॉसच्या पीकेअनझिप २.०४जी मध्ये उघडते का ते एकदा पाहावे. सेव्हन-झिपच्या स्वतःच्या रचनेत केलेले पॅक ४८६ च्या संगणकावर उघडायला बसू नये. मेसेंजरवरून पाठवायचे असेल तर हॅश वेगळ्या संदेशात पाठवावा, आणि घेणाऱ्याने तो पडताळल्याशिवाय "मिळाले" असे कळवू नये.

## टप्पा ८: बंद नेटवर्क आणि एफटीपी

आता सेवांकडे. पहिला नियम असा की जुने यंत्र थेट इंटरनेटला जोडायचे नाही, घरच्या राउटरमागेही नाही. मध्ये एक संगणक ठेवावा. रास्पबेरी पाय किंवा लिनक्स घातलेला जुना लॅपटॉप पुरेसा आहे. त्याची एक बाजू घरच्या वाय-फायला आणि दुसरी केबलने एका वेगळ्या स्विचला जोडावी. जुनी यंत्रे फक्त त्या स्विचवर राहतील. मधल्या संगणकावर पॅकेट पुढे पाठवण्याची सोय बंद ठेवावी, म्हणजे जुन्या यंत्राला त्याच्यापलीकडे जाता येणार नाही.

स्विच घेताना तो १० एमबीपीएस वेग ओळखतो का हे पाहावे. साधे गिगाबिट स्विच तो ओळखतात, पण काही नवे २.५ गिगाबिटचे स्विच ओळखत नाहीत, आणि मग नेटवर्क कार्डचा दिवाच लागत नाही.

डॉसच्या यंत्रावर क्रम असा आहे: आधी नेटवर्क कार्डचा पॅकेट ड्रायव्हर, मग एमटीसीपी या डॉससाठीच्या नेटवर्क प्रोग्रॅमांच्या संचातला, यंत्राला नेटवर्कवरचा पत्ता मिळवून देणारा डीएचसीपी प्रोग्रॅम, आणि त्यानंतर एफटीपी, म्हणजे फाइली नेण्या-आणण्याची जुनी सोय. एमटीसीपीच्या कॉन्फिग फाइलचा पत्ता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये दिलेला नसेल तर पुढचे काहीच चालत नाही. चूक आली की आधी तेच पाहावे. विंडोज ९८ च्या यंत्रासाठी विंडोजचे फोल्डर शेअरिंग चालू करण्याचा मोह होतो, पण त्यासाठी आपल्या रोजच्या संगणकावर एसएमबीची पहिली, असुरक्षित आवृत्ती उघडावी लागते. एफटीपी पुरे.

सर्व्हरवर दोन फोल्डर ठेवावेत: एक फक्त वाचण्याचा आणि एक फक्त टाकण्याचा. टाकलेल्या फाइली टप्पा ५ आणि ६ मधून गेल्याशिवाय वाचण्याच्या फोल्डरमध्ये हलवू नयेत.

सावधान: विंडोज ९८ मधला आज्ञेने चालणारा एफटीपी प्रोग्रॅम सुरुवातीला मजकूर पद्धतीत असतो. लिनक्सच्या सर्व्हरवरून त्या पद्धतीने झिप घेतली तर ओळ संपल्याची खूण समजून मध्येच बाइट वाढवले जातात. सीआरसीच्या चुकीचे हे सर्वांत नेहमीचे कारण आहे. जोडणी झाली की पहिली आज्ञा "बायनरी" ही द्यावी, आणि फाइल उतरल्यावर दोन्हीकडचा आकार बाइटमध्ये जुळवावा. उतरलेली फाइल काही बाइटांनी मोठी निघाली तर दुसरे कारण शोधू नये.

## टप्पा ९: जुन्या ब्राउझरसाठी प्रॉक्सी

नेटस्केप ४ किंवा इंटरनेट एक्स्प्लोरर ५ आजच्या संकेतस्थळांवर पोचत नाहीत, कारण त्यांना येणाऱ्या सुरक्षित जोडणीच्या पद्धती कालबाह्य झाल्या आहेत, टीएलएस १.० आणि १.१ देखील २०२१ साली अधिकृतपणे मोडीत निघाल्या. ब्राउझरला काही करून शिकवण्यात वेळ घालवू नये. मधल्या संगणकावर प्रॉक्सी बसवावी: ती बाहेर नव्या पद्धतीने बोलते आणि आत जुन्या ब्राउझरला साधे पान देते.

प्रॉक्सी दोन प्रकारच्या असतात. वेबवनसारखी प्रॉक्सी पान उतरवून, सुरक्षित जोडणीचे कवच काढून पुढे देते. कमी मेमरीच्या यंत्रावर, मजकुराच्या साध्या पानांसाठी ती चांगली. ब्राउझर्व्हिससारखी प्रॉक्सी मधल्या संगणकावर खरा नवा ब्राउझर चालवते आणि त्याचे चित्र जुन्या यंत्राला पाठवते. ही जड आहे, पण मराठी वाचायचे असेल तर हीच सोयीची. विंडोजमध्ये युनिकोड देवनागरीची मांडणी विंडोज २००० पासून आली; विंडोज ९८ वर पहिल्या प्रकारच्या प्रॉक्सीतून मराठी बातमी उघडली तर चौकोन किंवा प्रश्नचिन्हे दिसतात. चित्र पाठवणाऱ्या प्रॉक्सीत अक्षरे मधल्या संगणकावरच जुळलेली असतात, म्हणून जोडाक्षरेही नीट दिसतात.

पहिल्या प्रकारात ब्राउझरच्या पसंतीत प्रॉक्सीचा पत्ता आणि पोर्ट हाताने भरावा; ब्राउझर्व्हिसचा पत्ता आणि पोर्ट मात्र नेहमीच्या पानासारखा पत्त्याच्या ओळीत टाकून उघडावा. जुन्या ब्राउझरमध्ये पत्ते टाकताना नेहमी सुरक्षित नसलेली, "एस" नसलेली साधी सुरुवात वापरावी.

सावधान: प्रॉक्सी आणि जुने यंत्र यांच्यातला मजकूर उघडा असतो. बँक, मेल किंवा कोणताही पासवर्ड जुन्या यंत्रावरून टाकू नये, स्वतःच्या घरीही नाही.

फक्त मजकूर आणि फाइली द्यायच्या असतील तर मला प्रॉक्सीपेक्षा गोफर (वेबच्या सुरुवातीच्या काळातली, मेनूतून फाइली उघडण्याची पद्धत) सर्व्हर अधिक पटतो. तो पोर्ट ७० वर चालतो, २८६ लाही पेलतो आणि त्याच्या पानात बिघडण्यासारखे फारसे काही नसते.

## टप्पा १०: घराबाहेर

धरमपेठेतला सर्व्हर सदरमधल्या मित्राला दिसावा म्हणून लोक राउटरवर पोर्ट उघडतात आणि काहीच घडत नाही. त्याआधी एक गोष्ट तपासावी. राउटरच्या पानावर दिसणारा बाहेरचा पत्ता आणि एखाद्या संकेतस्थळाने दाखवलेला आपला पत्ता सारखा आहे का? वेगळा असेल, विशेषतः राउटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्यात सुरू होत असेल, तर आपण कंपनीच्या सामायिक पत्त्यामागे आहोत आणि पोर्ट उघडून उपयोग नाही.

पोर्ट उघडता आला तरी उघडू नये असेच मी म्हणेन. पोर्ट २३ वर टेलनेट (दुरून आज्ञा देण्याची जुनी, उघड्या मजकुराची सोय) उघडे ठेवले की त्यावर आपोआप पासवर्ड ठोकणारे प्रोग्रॅम येऊन थडकतात. २०१६ सालच्या मिराई या घातक प्रोग्रॅमने लाखो उपकरणे याच वाटेने बळकावली. त्याऐवजी मधल्या संगणकांमध्ये वायरगार्डचा खासगी बोगदा करावा. सामायिक पत्त्यामागे असलेल्या दोघांना मध्ये एक छोटा भाड्याचा सर्व्हर लागतो, एवढाच खर्च. बोगदा मधल्या संगणकापर्यंतच यावा. जुनी यंत्रे पूर्वीसारखीच आतल्या स्विचवर राहतील.

बीबीएस (मोडेमने किंवा टेलनेटने जोडून वापरायचा संदेश आणि फाइलींचा फलक) चालवणाऱ्यांना फाइल पाठवताना मध्येच तुटण्याचा अनुभव येतो. त्याची कारणे क्रमाने तपासावीत. टेलनेटमध्ये २५५ या मूल्याचा बाइट आज्ञा समजला जातो, म्हणून वाय-फाय मोडेममध्ये (जुन्या यंत्राच्या सीरियल पोर्टला लावायच्या, मोडेमची नक्कल करणाऱ्या उपकरणात) टेलनेट पद्धत चालू नसेल तर झेडमोडेम या फाइल पाठवण्याच्या पद्धतीने पाठवलेल्या फाइलीत तो बाइट आला की गडबड होते. ते ठीक असेल तर सीरियल पोर्टची चिप पाहावी. जुन्या ८२५० किंवा १६४५० चिपवर वेग ९६०० किंवा १९,२०० वर आणावा आणि हार्डवेअर फ्लो कंट्रोल लावावे. ईएसपी८२६६ वर बांधलेले मोडेम फक्त २.४ गिगाहर्ट्झचे वाय-फाय ओळखतात, त्यामुळे राउटरने दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेले असेल आणि मोडेम जोडला जात नसेल तर २.४ ला वेगळे नाव द्यावे.

खऱ्या मोडेमचा आवाज ऐकायचा असेल तर एखाद्या कार्यालयातून निघालेला छोटा इंटरकॉमचा ईपीएबीएक्स घ्यावा आणि दोन मोडेम त्याच्या दोन एक्स्टेन्शनांना जोडावेत. मोडेम डायल टोनची वाट पाहत बसला तर एटीएक्स३ ही आज्ञा आधी द्यावी. वेग ३३.६ केबीपीएसच्या वर जाणार नाही, कारण ५६ केबीपीएससाठी एका टोकाला डिजिटल जोडणी लागते. मोडेमवर ५६ लिहिले आहे म्हणून सेटिंग बदलत बसू नये.

## चूक कळल्यावर

कोणी हॅश जुळत नाही असे कळवले तर आधी त्याच्याकडचा आकार बाइटमध्ये विचारावा, मग फाइल कोणत्या मार्गाने उतरवली ते विचारावे, आणि त्यानंतरच स्वतःची इमेज पुन्हा तपासावी. चूक आपल्या इमेजमध्ये निघाली तर फाइल त्याच नावाने गुपचूप बदलू नये. नवी इमेज नव्या नावाने ठेवावी, जुनीचा हॅश नोंदीत "रद्द" असे लिहून तसाच राहू द्यावा आणि ती ज्यांनी नेली त्यांना दोन्ही हॅश कळवावेत. हक्कधारकाने फाइल काढायला सांगितले तर ती त्याच दिवशी वाचण्याच्या फोल्डरमधून काढावी. नोंद, फोटो आणि हॅश ठेवायला हरकत नाही.